कलार्टी, स्पेलक आणि बेट

आई,

कलार्टी हा शब्द इंग्रजी आहे! तुझा कलार्टी. कणीक मळताना दाराची बेल वाजली की तू आतून ओरडायचीस, "अगं, माझे हात कलार्टी आहेत, दार उघड," तोच. हे कळल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. नवऱ्याला सांगून झालं, लेकीला सांगून झालं, शेजारच्या केरळी बाईंनाही सांगितलं. पण जिला सांगायला हवं तीच नाही म्हटल्यावर एवढ्या आनंदाचं करायचं काय, म्हणून आज शुक्रवारची सुटी बघून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, केसही तुझ्याहून पांढरे झालेत, आणि राहते कतारमध्ये. तू असतीस तर विचारलं असतंस, "कतार म्हणजे रांग ना गं? रेशनची?" नाही, हा देश आहे. आमचं घर दोह्यात, मदिनत खलीफा नावाच्या वस्तीत, आणि माझं काम पश्चिम किनाऱ्यावर दुखानला, तेलाच्या जुन्या विहिरींच्या भागात. जमिनीखालून गेलेल्या पाइपांना कुठे गंज लागलाय ते शोधायचं, ही माझी नोकरी. गंज शोधता शोधता मला तुझा शब्द सापडला.

गेल्या हिवाळ्यात तिकडे पाऊस झाला. इथे तो फार कमी पडतो, पण पडला की किनाऱ्याजवळची खारट जमीन पाणी पीतच नाही. वरचा पापुद्रा फुटतो आणि खाली नुसती खळ. आम्ही एक उघडा केलेला पाइप बघायला गेलो होतो. मी, पिकअपचा नेपाळी ड्रायव्हर आणि आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर. हे इन्स्पेक्टर इंग्रज, निवृत्तीला आलेले, कामापुरतं बोलणारे. माझा एक बूट त्या चिखलात जो रुतला तो पाय वर आला तरी तिथेच राहिला. मी एका पायावर उभी राहून, दोन्ही हातांनी बूट उपटत, अर्थातच मराठीत, स्वतःशीच म्हटलं, "अगं बाई, सगळं कलार्टी झालं."

इन्स्पेक्टर पाइपाकडे बघत होते. ते वळले.

"तू आत्ता काय म्हणालीस?"

"काही नाही. माझ्या भाषेत बडबडले."

"ती तुझी भाषा नाहीये," ते म्हणाले. "माझ्या आजीची आहे."

पाऊस परत सुरू झाला होता, ड्रायव्हर "यल्ला मॅडम, यल्ला, चला" करून हाका मारत होता, आणि आम्ही दोघं त्या चिखलात उभे. मी एका बुटावर. ते मला विचारतायत की चिखलाला, चिकट हाताला, खरकट्या ताटाला तू हाच शब्द वापरतेस का? मी म्हणतेय, हो, हो, हो. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम नावाचा भाग आहे, तिथे कोळशाच्या खाणी होत्या, त्या खाणींच्या गावांत हा शब्द चालायचा. आता तिथेही म्हातारी माणसंच म्हणतात, असं ते सांगत होते. लंडनच्या माणसाला सांगितलं तर त्यालाही कळणार नाही म्हणे. मी गाडीत बसले तेव्हा लक्षात आलं, बूट तिथेच राहिला होता.

कोळशाच्या खाणी! तुझं माहेर चांद्याकडचं, खाणीच्या कॉलनीतलं. बाबा तिथल्या ऑफिसात नोकरीला होते, तुझ्याशी लग्न करून तुला पुण्याला घेऊन आले, आणि तू येताना ट्रंकेबरोबर हे शब्दही घेऊन आलीस. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की ती तुमची वऱ्हाडी. तुलाही तसंच वाटायचं, हो ना? पुण्याच्या घरात तुझं "मले", "तुले" तर तू महिन्याभरात गिळून टाकलंस, असं बाबा कौतुकानं सांगायचे. पण हे बाकीचे शब्द जिभेवर राहिले, कारण ते स्वयंपाकघरातले होते आणि तिथे ऐकायला मी एकटीच असायचे. लाकडाचं कुसळ बोटात गेलं की "बघू, स्पेलक गेली का?" म्हणून तू खिडकीजवळ मला उभी करायचीस, सुई दिव्यावर धरायचीस आणि मी रडायच्या आत स्पेलक बाहेर. पावसाच्या पाण्यात मी थपथप नाचले की "पलोजू नकोस." शाळेचा डबा म्हणजे बेट. "बेट घेतला का?" हे मी रोज चप्पल घालताना ऐकलेलं वाक्य.

आणि मग तो भूगोलाचा पेपर. तुला आठवतो, मला माहीत आहे. "बेट म्हणजे काय?" असा प्रश्न होता. मी लिहिलं, "शाळेत जाताना आई पोळीभाजी भरून देते त्याला बेट म्हणतात." बाईंनी लाल पेनानं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. तो पेपर आजीच्या हाती लागला. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले, आजी ते वाक्य मोठ्यानं वाचतेय, सगळे हसतायत, आणि हसता हसता आजी म्हणते, "आईची भाषा उचलली पोरीनं. तिकडे खाणीत असंच बोलत असतील." बाबाही हसले. वाईट मनानं नाही हसले ते, पण हसले. मी पेपर घेऊन आत आले तर तू ओट्याशी पाठ करून उभी. तुझे कान लाल झालेत. तू वळून माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "आजपासून डबा म्हणायचं. म्हण, डबा."

"पण आपण तर बेट म्हणतो."

"आपण काही म्हणत नाही."

तेवढंच. नंतर तू खरोखरच काही म्हणाली नाहीस. कुसळाला कुसळ, चिखलाला चिखल. कलार्टी मात्र कधीमधी तोंडातून निसटायचा, हात पिठात असताना माणसाला सावध राहता येत नाही म्हणून असेल. कॉलेजात माझी एक मैत्रीण नागपूरची होती. तिला मी एकदा मुद्दाम हे शब्द विचारले, तर तिनं तोंड वाकडं केलं. "हे आमचं नाही बाई." मग कुणाचं? मी तुला विचारणार होते सुटीत घरी आल्यावर. त्या सुटीत तुझं आजारपण होतं, शब्दांचं कुठलं काय.

तर चिखलाच्या दुसऱ्या दिवशी दुखानच्या कँटीनमध्ये आमची परीक्षा झाली. परीक्षक कोण आणि विद्यार्थी कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मी विचारलं, "लाकडाचा बारीक तुकडा बोटात घुसला तर त्याला तुमची आजी काय म्हणायची?" ते म्हणाले, "स्पेल्क." मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरचे लोक उठून उभे राहिले, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. मग त्यांनी आपला सँडविचचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "बेट." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचे वडील खाणीत खाली उतरताना हाच शब्द म्हणायचे, म्हणाले. पाण्यात थपथपणं, तेही होतं त्यांच्याकडे. शेवटी मी लाजत लाजत "नेटी" म्हटलं. आई, अंगणातल्या संडासाला तू नेटी म्हणायचीस तो शब्द मी एका इंग्रजासमोर कँटीनमध्ये उच्चारला! ते इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. शेजारचा मल्याळी इंजिनिअर म्हणाला, "खलास, याला आता घरी सोडा." मग मी उत्साहाच्या भरात "भेदरं" विचारलं, तर ते कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहिले. टोमॅटोला आपण भेदरं म्हणतो ते मात्र अस्सल वऱ्हाडीच निघालं. बरं वाटलं. सगळंच इंग्लंडहून आलं असतं तर जरा अति झालं असतं.

नवरा माझा नाशिकचा, हिशेबी. तो म्हणाला, "अगं, योगायोग असतो. एखादा शब्द जुळतोच." मी एकेक शब्द त्याच्यापुढे ठेवत गेले. नेटीपर्यंत आल्यावर त्यानं माघार घेतली, आणि रात्रीच्या जेवणाला त्यानंच विचारलं, "पण तुमच्या घरी आले कसे?" तोच तर प्रश्न होता. इन्स्पेक्टर अनेक वर्षं आपल्या घराण्याची वंशावळ जमवत होते, निवृत्तीनंतर पुरा करायचा उद्योग म्हणून. त्यांनी मला एकच सल्ला दिला, "कागदांच्या मागे नंतर लाग. आधी तुमच्यातलं जे म्हातारं माणूस जिवंत आहे त्याला फोन कर."

मी मावशीला फोन केला. तुझी मोठी बहीण अजून ठणठणीत आहे, दात गेलेत पण आवाज तोच. तिला तिकडे कॉलनीत ऐकू यावं म्हणून मी ओरडून बोलत होते.

"मावशी, कलार्टी म्हणजे काय गं?"

"चिखल लागलेलं. काहून वं? तुले नाई मालूम?"

"मला माहीत आहे. पण तुमच्या गावात अजून कोण म्हणतं?"

मावशी शेजारपाजारची एकेक नावं पुटपुटायला लागली.

"कोणीच नाई म्हणत," मावशी म्हणाली, जणू हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जाणवत होतं. "आमच्याच घरी. थे बुडीचे शब्द होते नं. आमच्या आजीचे. लहानपणी थे मडमेच्या घरी कामाले होती."

मडमेच्या घरी! तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मावशी म्हणाली, "तिले कुठं मालूम होतं? बुडी गेली तवा तुझी माय लहानशी होती. मीच मोठी." आणि मग तिनं जे सांगितलं ते मी उभ्यानं ऐकलं, गॅसवरची आमटी उतू जाईपर्यंत. ही मडम म्हणजे साहेबाची बायको नव्हती. तिचा नवरा खाली खाणीत लाकडाचे टेकू लावणाऱ्या माणसांवर देखरेखीला होता, तो विलायतेतल्या खाणीतूनच आला होता. त्यांना बंगला नव्हता, कडेचं एक लहान क्वार्टर होतं. मॅनेजरची मडम तिला चहाला बोलवायची नाही. का, तर हिला धड इंग्रजी येत नाही.

"मडमेला इंग्रजी येत नाही?" मी विचारलं.

"बुडी तं तसंच सांगे. सगळे गोरे हासत म्हणे तिच्या बोलण्याले. मंग थे बिचारी दिवसभर बोलणार कोणासंगं? आमच्या बुडीसंगं. दोघी चुलीपाशी बसत आन् बोलत. हिले तिचं समजे नाई, तिले हिचं समजे नाई, पण बोलत."

त्या चुलीपाशी तुझी आजी, म्हणजे माझी पणजी, इंग्रजी शिकली. तिला वाटलं हीच इंग्रजी. पुढे मडम नवऱ्याबरोबर निघून गेली, पणजीचं खाणीतल्या एका कामगाराशी लग्न झालं, आणि एकदा कॉलनीत डॉक्टरची बायको आली तेव्हा पणजीनं पुढे होऊन आपली इंग्रजी ऐकवली. त्या बाईला एक अक्षर कळलं नाही, ती हसली. मी मावशीला विचारलं, मग पणजीला वाईट वाटलं असेल ना? मावशी खिदळली. "कायचं वाईट? बुडी घरी येऊन म्हणे, माझी इंग्रजी तिले समजली नाई. तिचीच कच्ची होती."

आई, मी स्वयंपाकघरात एकटी हसत होते आणि आमटी शेगडीवर सांडत होती. तुला हे एवढं एक वाक्य त्या दिवशी माहीत असतं, तो भूगोलाचा पेपर बाहेरच्या खोलीत वाचला जात असताना! तू ओट्याशी पाठ करून उभी राहिली नसतीस. बाहेर जाऊन, पिठाच्या हातांनी, म्हणाली असतीस, "तुमची कच्ची आहे." निदान मनात तरी म्हणाली असतीस.

मी हे सगळं इन्स्पेक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईसारखं बोलणारं आमच्याकडे आता एकच माणूस उरलंय. माझी मावशी. नव्वदीच्या पुढे आहे. तिला भेटशील?" एका शनिवारी मी लेकीला घेऊन त्यांच्या दुखानच्या घरी गेले, व्हिडिओ कॉलसाठी. लेक तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच. गाडीत पूर्ण रस्ताभर "मम्मा, डू आय हॅव टू?" चाललं होतं. पडद्यावर एक इवलीशी म्हातारी आली, अंगात निळा स्वेटर, मांडीवर चादर. मी माझे शब्द एकेक करून म्हणत गेले आणि ती प्रत्येक शब्दाला टाळी वाजवायची. बेट. टाळी. स्पेलक. टाळी. नेटी म्हटल्यावर तिनं तोंडावर हात घेतला. मग तिनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आईनं. ती जरा पुढे झुकली आणि म्हणाली, "कम क्लोजर, हिनी, लेट मी सी यू."

हिनी.

हा शब्द मी कुणालाही सांगितला नव्हता. इन्स्पेक्टरांना नाही, मावशीला नाही, नवऱ्यालाही नाही. तो मी यादीत धरलाच नव्हता, कारण माझ्या लेखी तो शब्दच नव्हता, ते माझं नाव होतं. तू मला हिनी म्हणायचीस. आजीनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, "पोटच्या पोरीला हीन काय म्हणतेस?" तेव्हापासून तू चारचौघांत मला नावानंच हाक मारलीस. फक्त रविवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना स्वयंपाकघराचं दार लोटून माझ्या डोक्याला तेल लावायला बसलीस की हलक्या आवाजात, "मान खाली कर, हिनी." मला वाटायचं तू तो माझ्यासाठी बनवलास. खरं सांगू, त्या खुर्चीत क्षणभर मला वाईटच वाटलं. तिकडे म्हणे कुठल्याही पोरीबाळीला म्हणतात, लाडानं, दुकानातल्या मुलीलासुद्धा. माझा एकटीचा नव्हताच तो. पण मग लगेच डोळ्यांपुढे ती चूल आली. तिथे बसलेली ती परकी बाई, जिला कुणी चहाला बोलवत नाही, ती कामाला ठेवलेल्या एका काळ्यासावळ्या पोरीला हाक मारतेय, आणि कुठल्या शब्दानं? या शब्दानं! त्या पोरीनं तो जपला, लेकींना दिला, नातींना दिला, तू मला दिलास. कुणालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी एकीनंही तो चुकीच्या माणसाला वापरला नाही.

परत येताना गाडीत लेकीनं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सो आजी वॉज स्पीकिंग इंग्लिश टू यू द होल टाइम?"

"नाही, मराठी."

"मम्मा, इट्स लिटरली इंग्लिश."

"आमच्या घरात ते मराठी होतं."

तिनं त्यावर विचार केला. दोन्ही बाजूंना रखरखीत सपाट जमीन, लांबवर उंट, आणि माझी पोरगी कपाळाला आठ्या घालून विचार करतेय. मग मी तिला सांगितलं की तू मला हिनी म्हणायचीस, तशी तिनं विचारलं, तो शब्द तू मला कधी का नाही म्हणालीस? मी खरं तेच सांगितलं, की बाहेर म्हणायचा नाही असं तू ठरवलं होतंस. "आपण आत्ता बाहेर कुठे आहोत," ती म्हणाली, आणि हे ती मराठीत म्हणाली, आई. अख्खं वाक्य. "म्हण ना." मी म्हटला. पहिल्यांदा जिभेला जड गेला, दुसऱ्यांदा नाही. आता ती मैत्रिणींना फोनवर सांगते की तिच्या घरी एक सिक्रेट लँग्वेज आहे, आणि शाळेला निघताना दारातून ओरडते, "मम्मा, माझा बेट!"

इन्स्पेक्टर पुढच्या महिन्यात कायमचे घरी जाणार आहेत. त्या मडमेचं नाव शोधून काढायचा त्यांनी विडा उचललाय. सापडेल, नाही सापडणार. मावशीला मी सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "पाह्य, बुडीची इंग्रजी पक्की होती." तुलाही हे सगळं लिहून झालं. कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, लेकीच्या नजरेला पडेल असं फ्रिजवरही लावायचं नाही, कारण एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

त्या कॉलवर बाईंनी हिनी म्हटल्यावर मी कानामागे हात धरला आणि म्हटलं, माफ करा, आवाज तुटतोय, परत म्हणाल का? त्यांनी परत म्हटलं. मी म्हटलं, अजून नाही ऐकू आलं. इन्स्पेक्टर बिचारे उठून राउटर बघायला गेले, लेक म्हणाली मम्मा इट्स फाइन, आणि बाई न कंटाळता पुन्हा म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. तुझे फोटो आहेत माझ्याकडे, पण आवाज कुठेच नाही, आणि तो कसा होता हे मला कित्येक वर्षांत आठवलेलं नव्हतं. त्या तो शब्द अगदी तुझ्यासारखा म्हणत होत्या, 'न'वर जरा रेंगाळून. आवाज अजिबात तुटत नव्हता.